‘३रो’ वाचायचं कसं?

दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेच्या लढायांवर एक लेख मराठीत आणणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे. इटालियन सैन्याच्या एका अवजड मालट्रकचं नाव मुळात आकडा तीन आणि पुढे ‘रो’ असं छापलंय. त्यांनी ते ‘लॅन्सिया थ्री आर-ओ’ असं लिहिलं. आता त्यांना आर-ओचं पूर्ण रूप हवंय, आणि कोकण रेल्वेच्या ‘रो-रो’शी याचं काही नातं आहे का, तेही विचारलंय. शिवाय ‘एकीकृत मालट्रक’ हा शब्द त्यांना खटकतोय. तो खटकायलाच हवा.

आधी उच्चार. कंपनीचं नाव लान्चा. इटालियनमध्ये लान्चा म्हणजे भाला, आणि कंपनीच्या जुन्या बोधचिन्हात स्टिअरिंगच्या चाकाबरोबर भाल्याला लावलेलं निशाणही दिसतं. ट्रकचं नाव ‘त्रे-रो’. इटालियनमध्ये तीनला ‘त्रे’ म्हणतात. आणि ‘रो’ची फोड करू नका, ती आद्याक्षरं नाहीतच. ते ग्रीक वर्णमालेतलं एक अक्षर आहे. आपल्या ‘र’च्या उच्चाराचं, पण दिसायला रोमन ‘पी’सारखं.

विन्चेन्त्सो लान्चा यांनी १९०६ साली तोरिनोत, म्हणजे ट्यूरिनमध्ये, ही कंपनी काढली. त्यांचे भाऊ जोव्हान्नी हे ग्रीक-लॅटिनचे जाणकार. त्यांनी सुचवलं आणि गाड्यांना ग्रीक अक्षरांची नावं पडू लागली. १९२२ची ‘लाम्ब्दा’ मोटार त्यातली सगळ्यात गाजलेली. बसला ‘ओमिक्रॉन’ नाव मिळालं. ट्रकना आधी ‘योता’ आणि १९३०नंतर ‘रो’.

योताच्या नावांपाशी मराठी माणसाने जरा थांबावंच. मूळ ‘योता’नंतर त्रियोता, तेत्रायोता, पेन्तायोता, एप्तायोता अशी मालिका आली. यातला ‘त्रि’ आपलाच आहे, ‘पेन्ता’ म्हणजे पंच, आणि ‘एप्ता’ म्हणजे सप्त! ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या ‘स’चा ‘ह’ झाला, म्हणून सप्तचा जोडीदार ‘हेप्ता’. इटालियन माणूस ‘ह’ उच्चारत नाही, मग उरला ‘एप्ता’. हा स-ह बदल आपल्याला अनोळखी नाही. फारसीतही तो झाला आणि तिथूनच ‘हप्ता’ मराठीत आला. सप्ताह नि हप्ता आपण रोज शेजारी शेजारी वापरतो, आणि त्यांचाच एक भाऊबंद १९२०च्या दशकातल्या इटालियन ट्रकच्या नावात बसलाय. मला हे कितीदा सांगितलं तरी आनंदच होतो.

आता त्रे-रोमधला ‘तीन’. हा ग्रीक उपसर्ग नाही, सरळ इटालियन आकडा आहे. तो सिलिंडरची संख्याही सांगत नाही. पहिल्या ‘रो’ला जर्मनीच्या युंकर्स कंपनीच्या परवान्यावर बनवलेलं डिझेल इंजिन होतं. त्यात सिलिंडर दोनच, पण प्रत्येकात दोन दट्टे समोरासमोर यायचे. त्यानंतर ‘रो-रो’ आला, आणि १९३८ साली या घराण्यातला तिसरा, म्हणजे त्रे-रो. त्याचं इंजिन पाच सिलिंडरचं, ६,८७५ घन सेंटिमीटरचं आणि ९३ अश्वशक्तीचं होतं. म्हणजे अर्थ ‘तिसरा रो’ एवढाच. मजा पाहा, देवनागरीत ‘३रो’ लिहिलं की गोव्याचा किंवा मालवणचा वाचक ते पटकन ‘तिसरो’ असं वाचेल, आणि अर्थ नेमका लागेल! तरी छापताना ‘त्रे-रो’च लिहावं. ‘३रा’, ‘३री’च्या सवयीने बाकीच्यांचा गोंधळ होईल.

कोकण रेल्वेच्या रो-रोशी नातं शून्य. १९९९पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढवून नेतात, त्या रो-रोचा अर्थ ‘चढवा, उतरवा’. ‘रोल-ऑन, रोल-ऑफ’ या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. लान्चाचा रो-रो म्हणजे तेच ग्रीक अक्षर दोनदा.

‘एकीकृत’ मात्र काढाच. मूळ शब्द ‘उनिफिकातो’. इटलीत १९३७ साली सरकारने मालट्रकच्या वजनाचे, भारक्षमतेचे नियम ठरवून दिले. शांततेच्या काळात व्यापाऱ्याने चालवलेला ट्रक युद्धात सैन्याला जसाच्या तसा ताब्यात घेता यावा, हा त्यामागचा विचार. तांत्रिक इटालियनमध्ये ‘उनिफिकात्सिओने’ म्हणजे मानकीकरण. म्हणून ‘प्रमाणीकृत मालट्रक’ म्हणा. ‘एकीकृत’ म्हटलं की दोन ट्रक एकत्र जोडल्यासारखं वाटतं.

त्याच लेखात ‘ट्रकवर गाडा लादला’ असं वाक्य आहे. तिथला ‘कार्रो’ म्हणजे ‘कार्रो आर्मातो’, शब्दशः सशस्त्र गाडा, म्हणजे आपला रणगाडा. दोन्ही भाषांनी नव्या यंत्राला नाव देताना जुनी बैलगाडीच आठवली. साधारण तीन टनांचे छोटे एल-३ रणगाडे त्रे-रोच्या हौद्यात चढवून नेत असत, तेव्हा वाक्य खरं आहे. फक्त ‘गाडा’च्या जागी ‘रणगाडा’ हवा.

शेवटचा मुद्दा विचारलेला नाही, पण मजकुरात दिसतोय. लष्करी डिझेल ट्रकच्या नावापुढची ‘एन-एम’ ही अक्षरं मात्र खरोखर आद्याक्षरं आहेत, ‘नाफ्ता मिलितारे’ची. त्यांनी त्याचं ‘नॅफ्थ्यावर चालणारा’ केलंय. मराठीत नॅफ्था म्हणजे खतकारखान्यांत लागणारं हलकं, भुर्रकन पेटणारं तेल. इटालियन बोलीत ‘नाफ्ता’ म्हणजे साधं डिझेल. पेट्रोलवरच्या लष्करी ट्रकला ‘बी-एम’ म्हणत, त्यातला ‘बी’ ‘बेन्झीना’चा, आणि बेन्झीना म्हणजे पेट्रोल. तिथे ‘बेंझिन’ लिहू नका.