पाच वर्षांच्या मुलीला आमचा कुत्रा मेल्याचं कसं सांगू?

तुम्ही लिहिलंय की तुमचा दहा वर्षांचा लॅब्रॅडॉर ब्रुनो मागच्या महिन्यात गेला, शेवटी डॉक्टरांना इंजेक्शन द्यावं लागलं, आणि मुलीला तुम्ही 'ब्रुनो मामाच्या मळ्यात राहायला गेलाय' असं सांगितलंत. आता दिवाळीत मामाकडे जायचंय आणि तिने ब्रुनोसाठी बिस्किटांचा पुडा वेगळा काढून ठेवलाय. तेवढ्यात दुसरं पिल्लू आणलं तर ती विसरेल का, असंही तुम्ही विचारलंय.

पिल्लाचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. आत्ता आणू नका. तिच्या हिशेबाने ब्रुनो अजून मळ्यात आहे. त्याच्या जागेवर दुसरं कुणी बसवलंत तर ती पिल्लावर राग काढेल, आणि पिल्लाचा त्यात काय दोष?

मी साताऱ्यात बालवाडीत शिकवते, १९ वर्षं झाली. पण हे उत्तर वर्गातून कमी आणि घरातून जास्त आलंय. आमचा टिप्या गावठी होता. अंगाने काळा, फक्त शेपटीचं टोक पांढरं. दोन्ही मुलं झाली त्याच्या आधीपासूनचा. बाराव्या वर्षी त्याच्या किडन्या निकामी झाल्या. पाणी भांडंभर प्यायचा, खाणं सुटलं, तोंडाला वास यायला लागला. एका पहाटे पडवीतच त्याने जीव सोडला. तेव्हा मुलगा चार वर्षांचा आणि मुलगी आठ वर्षांची होती.

मी मुलाला म्हटलं, "टिप्या गेला रे." त्याने विचारलं, "कुठे?" सासूबाई पटकन म्हणाल्या, "दत्तगुरूंकडे गेला बाळा. त्यांच्या पायाशी बसलाय आता." त्यांनी ते अगदी मायेने सांगितलं आणि खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हा देवघरासमोर स्टुलावर उभा. दत्ताच्या तसबिरीला नाक लावून बोटाने कुत्री मोजतोय. एक, दोन, तीन, चार. मग वळून मला म्हणाला, "आई, चारच आहेत. पांढऱ्या शेपटीचा एकपण नाही. टिप्या अजून पोचला नाही."

त्या संध्याकाळपासून तो भाकरीचा तुकडा मुठीत धरून फाटकाशी उभा राहायला लागला. आठ दिवस. भाकरी मऊ पडायची, तिचा चुरा त्याच्या बोटांच्या बेचक्यांत अडकायचा, आणि मी रोज रात्री त्याचे हात धुवून द्यायची.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की घोळ 'गेला' या शब्दात आहे. बाबा ऑफिसला गेले. लाइट गेली. काकू पुण्याला गेली. आजोबा गेले. आपण मोठी माणसं सुरावरून ओळखतो की यातलं कोणतं परत येणारं आणि कोणतं नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला ते कसं कळावं? मारिया नागी नावाच्या बाईंनी हंगेरीतल्या मुलांशी मरणाविषयी बोलून त्याचा अभ्यास १९४८ साली छापला होता. पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे कुठेतरी निघून जाणं वाटतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे मुलाची समजूत मुळातच 'गेला' अशी असते, आणि आपण तोच शब्द देऊन ती पक्की करतो. मळा, गाव, देवाचं घर, चांदणी, सगळे त्याचेच पत्ते.

'मेला' म्हणायला आपली जीभ वळत नाही, हे मला मान्य आहे. आपल्याकडे तो शब्द अर्धा शिवीसारखा आहे, 'मेला पाऊस थांबतच नाही' असं आपण दिवसातून दहादा म्हणतो. जिवापाड प्रेम केलेल्या प्राण्याला तोच शब्द लावायचा म्हणजे घशात अडकतो. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून दोनदा पुटपुटून बघितला आणि मगच बाहेर गेले.

मुलाला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "मी तुला नीट सांगितलं नव्हतं. टिप्या मेला. मेला म्हणजे त्याचं हृदय थांबलं, श्वास थांबला. त्याला आता भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, काही दुखत नाही. तो परत येणार नाही." इतकंच. तो रडला नाही. त्याने विचारलं, "मग मातीत ठेवलं तेव्हा त्याच्या नाकात माती गेली असेल ना?" मी म्हटलं, "गेली असेल, पण त्याला ते कळलं नाही, कारण मेल्यावर काहीच कळत नाही." त्यावर त्याने जरा विचार केला आणि "मी सायकल चालवू?" म्हणून पळाला. लहान मुलांचं दुःख असंच असतं. पाच मिनिटं भरून येतं, मग खेळ, मग रात्री झोपताना परत. तुमची मुलगी ऐकल्यावर लगेच खेळायला गेली तर तिला काहीच वाटलं नाही असं समजू नका. तेच प्रश्न ती वीस वेळा विचारेल, आणि वीसही वेळा तेच उत्तर त्याच शब्दांत द्यायचं.

तुमच्याकडे इंजेक्शनची गोष्टही आहे, तिथे फार जपा. 'डॉक्टरांनी त्याला झोपवलं' असं चुकूनही म्हणू नका. बालवाडीत मी अशी मुलं पाहिली आहेत जी घरात कुणीतरी 'झोपलं' म्हटल्यावर दुपारी डोळे मिटायला तयार होत नाहीत. शिवाय पाचव्या-सहाव्या वर्षी डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लशीचा, बूस्टर डोस असतो. म्हणजे तुमच्या मुलीला सुई टोचून घ्यायचीच आहे. म्हणून तिला असं सांगता येईल: "ब्रुनो खूप आजारी होता, कुठल्याच औषधाने बरा होणार नव्हता आणि त्याला फार दुखत होतं. अशा जनावरांसाठी डॉक्टरांकडे एक वेगळं औषध असतं. त्याने आधी दुखणं कळेनासं होतं आणि मग हृदय थांबतं. तुला जे इंजेक्शन देतात त्यात ते औषध नसतं. तुझं इंजेक्शन तू आजारी पडू नयेस म्हणून असतं." आणि 'आजारी होता म्हणून मेला' एवढंच अर्धवट सांगू नका. उद्या तुम्हालाच ताप आला तर ती रात्रभर जागी राहील. साधा ताप-खोकला वेगळा आणि ब्रुनोचं दुखणं वेगळं, हे तिला सांगावं लागतं.

आता माझ्या मुलीचं. ती मोठी, तिला सगळं कळलंय असं मी धरून चालले, आणि ही माझी मोठी चूक झाली. तेराव्या-चौदाव्या दिवशी मध्यरात्री ती माझ्या पांघरुणात शिरली आणि थरथरत म्हणाली, "मी त्याला पट्टीने मारलं होतं." टिप्याने तिची भूगोलाची वही कुरतडली होती, तेव्हा. दोन आठवडे ते पोर मनात हिशेब घालत होतं की पट्टीमुळे तो मेला. मी दिवा लावला, त्याच्या रक्ताच्या तपासणीचा कागद काढला आणि तारीख दाखवली. वही कुरतडण्याच्या कितीतरी आधीची. तारीख बघितल्यावर ती ढसाढसा रडली, आणि मग झोपली. त्यामुळे तुमच्या मुलीने विचारो न विचारो, 'तुझ्या वागण्यामुळे, बोलण्यामुळे काही झालं नाही' हे वाक्य तुम्ही आपणहून म्हणाच.

निरोपाची वेळ टळली असं मनाला लावून घेऊ नका, तो अजूनही देता येतो. त्याचा पट्टा, त्याचं भांडं तिच्यासमोर काढा. कुंडीत जास्वंद लावा, तिला चित्र काढू द्या, ब्रुनोसाठी काढून ठेवलेला बिस्किटांचा पुडा गल्लीतल्या कुत्र्यांना तिच्या हातून घालू द्या. आमच्या जवळच संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या (संभाजी महाराजांचे पुत्र) खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं अशी गोष्ट इकडे सांगतात. मी दोघांनाही तिथे घेऊन गेले. मुलाने दगडी कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "राजापण रडला असेल?" मी म्हटलं, "रडला असेल." परत येताना तो पहिल्यांदा टिप्यासाठी रडला, बसमध्ये, माझ्या पदरात तोंड खुपसून. मीही रडले. मुलांसमोर रडू नये असं म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. आपण कोरडे राहिलो तर त्यांना वाटतं टिप्याचं नाव काढायचं नसतं.

काही दिवस अंथरूण ओलं होईल, पोट दुखतंय म्हणेल, तुम्हाला चिकटून राहील. ते चालतं. पण आठवड्यामागून आठवडे झोप आणि जेवण धड नसेल, शाळेत जाईना, किंवा 'मलापण मरून ब्रुनोकडे जायचंय' असं परत परत म्हणू लागली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइनही आहे, १४४१६.

सासूबाईंची दत्ताची गोष्ट मी मोडून टाकली नाही. "आजीला असं वाटतं," एवढंच मुलाला सांगितलं. टिप्या परत येणार नाही हे पक्कं झाल्यावर त्या गोष्टीचा त्याला आधारच झाला. तुमच्या घरी कुणाची अशी श्रद्धा असेल तर ती जरूर सांगा, पण 'मेला' हा शब्द सांगून झाल्यावर.

हे मामाकडे निघण्याआधी करा, झोपायच्या वेळी नको, सुट्टीच्या दिवशी सकाळी. "आम्ही तुला मळ्याचं सांगितलं ते खरं नव्हतं, तुला वाईट वाटेल म्हणून आम्ही घाबरलो," इथून सुरुवात करा. ती चिडेल, चिडू द्या. मामालाही आधी फोन करून ठेवा, नाहीतर तो प्रेमाने नवीनच काहीतरी सांगून मोकळा होईल. बहुधा ती पहिल्यांदा विचारेल, "मग मळ्यात कोण आहे?" तेव्हा सांगा, तिथे मामा आहे, मामी आहे, गाई आहेत. ब्रुनो नाही.