पॅच मेलनेच का मागतात

प्रिय,

"आजच्या काळात कोड मेलने पाठवायचा?" हा तुझा वैतागलेला मेसेज वाचून हसू आलं. लिनक्सच्या कर्नेलसाठी, म्हणजे त्याच्या गाभ्यासाठी, लिहिलेला माझा पहिला पॅच (कोडमधला बदल) मेलिंग लिस्टपर्यंत, म्हणजे एका पत्त्यावरून सगळ्या सभासदांना मेल पोचवणाऱ्या यादीपर्यंत, पोचलाच नव्हता. मेल एचटीएमएलमध्ये होता, सर्व्हरने दारातूनच परत धाडला. दुसरा पोचला, पण मेल प्रोग्रॅमने टॅबच्या जागी स्पेस घातल्या होत्या, म्हणून पॅच लागेना. तिसऱ्या खेपेला निमूटपणे 'गिट सेंड-ईमेल' शिकलो, म्हणजे कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटचीच पॅच मेल करायची आज्ञा.

लिनक्सवाले नुसत्या हट्टापायी मेल धरून बसलेत असं समजू नकोस. तपासणारा तुझ्या कोडच्या नेमक्या ओळीखाली लिहितो. ओळीआधी '>' ही खूण आणि लगेच खाली: "इथे लॉक सोडायचा राहिलाय." तूही तिथेच खाली उत्तर दे, बाकीचं छाटून टाक. अख्खा मजकूर तसाच ठेवून वरती 'ओके, थँक्स' लिहिलंस, तर कोणी बोलणार नाही, पण कपाळाला आठ्या पडतील. आणि 'रिप्लाय ऑल' विसरू नकोस. हे सगळं बोलणं 'लोर' या संग्रहात राहतं, आणि तो अख्खा संग्रह गिटने कुणालाही आपल्या मशीनवर उतरवता येतो. सर्व्हर उद्या बसला तरी वाद शाबूत!

वेबवरच्या फोरमला मी नावं ठेवणार नाही. पायथॉनच्या डेव्हलपरांनी २०२२ साली आपली मुख्य चर्चा मेलिंग लिस्टवरून डिस्कोर्स या फोरमवर नेली. तिथे भरकटलेला विषय वेगळा काढता येतो, चुकलेलं वाक्य सुधारता येतं. सुटलेला मेल मात्र सुटलाच. फोरमवर नवख्याला एक शंका विचारण्यासाठी शेकडो मेल इनबॉक्समध्ये घ्यावे लागत नाहीत, हेही आहेच. (कर्नेलच्या मुख्य लिस्टला फिल्टर न लावता जाऊ नकोस, बुडशील.) म्हणून वापरणाऱ्यांच्या शंकांना फोरम बरा. कोडची चिरफाड करायला मात्र मला अजून मेलच लागतो.

आता एवढं कर. पॅच आधी स्वतःलाच मेल कर, आलेला मेल 'गिट एएम'ने लावून बघ. नीट लागला की कर्नेलची 'गेट-मेंटेनर' स्क्रिप्ट त्या भागाची देखभाल करणाऱ्यांचे जे पत्ते देईल, त्यांवर पाठव. निदान आठवडाभर तरी आठवण करू नकोस. मर्ज विंडो, म्हणजे नव्या आवृत्तीसाठी तयार बदल कर्नेलमध्ये घ्यायचा काळ, चालू असेल, तर ते दोन आठवडे गप्पच बस.

तुझा,
दादा