कपाटातली बुरशी आणि बंद घरातला वास

प्रश्न : काकू, नमस्कार. आमच्या बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटाच्या मागे बाथरूम आहे. खालच्या दोन कप्प्यांतल्या साड्यांना सारखी बुरशी येते. डांबराच्या गोळ्या, कापूर, कडुलिंबाचा पाला, सगळं करून झालं. गेल्या वर्षी पाठीचा प्लाय बदलला, तोही काळा पडला. आता सुतार म्हणतो, वॉटरप्रूफ प्लाय लावू. लावावा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नका लावू. सुताराला प्लाय दिसतो, म्हणून तो प्लाय सुचवतो. पाणी त्याच्या मागे आहे.

आधी कपाट रिकामं करा आणि पाठ काढून घ्या. उघड्या भिंतीवर हातभर ॲल्युमिनियम फॉइल लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दोन दिवसांनी काढून बघा. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर ती हवेतली ओल. मग कपाटाला मागून दोन बोटं जागा सोडून खालीवर भोकं पाडली की भागतं. पण तुमची बुरशी खालच्याच कप्प्यांत आहे, त्यामुळे माझा संशय बाथरूमवरच.

आता गळतंय काय, नळाचा पाइप की सांडपाण्याची वाट? हा फरक ज्याला करता येत नाही त्या प्लंबरला चहा पाजून परत पाठवा. दुकानाच्या गल्ल्यावर बसून मी कितीतरी लोकांना नव्या टाइल्सचं बिल फाडताना पाहिलंय, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच ओल घेऊन ते पुन्हा दारात. नळाच्या पाइपात रात्रंदिवस दाब असतो, त्यामुळे तो फुटला असेल तर कुणी आंघोळ करो न करो, गळत राहतो. प्लंबरकडून हातपंपाने प्रेशर टेस्ट करून घ्या. तोट्यांच्या जागी प्लग लावून दाब भरायचा. पंपावरचा दाबाचा काटा खाली आला तर पाइप दोषी.

काटा हलला नाही तर जमिनीकडे वळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत फडकं गुंडाळून नहाणी ट्रॅपचं, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड घट्ट बंद करा, जमिनीवर इंचभर पाणी भरा, पेन्सिलीने खूण करा आणि चोवीस तास बाथरूम वापरू नका. खालच्या मजल्यावर आधी कल्पना द्या, नाहीतर निकाल त्यांच्या छतावर लागायचा. पाणी उतरलं किंवा कपाटामागची ओल वाढली, तर बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपचा जोड किंवा टाइल्समधल्या फटी निघतात. फटींतलं जुनं पांढरं सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं तर काम होतं. ट्रॅपचा जोड गेला असेल तर तेवढाच भाग उघडायचा, अख्खं बाथरूम नव्हे.

खर्चाचं विचाराल तर सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या संडास-सिंकची गळती सभासदाच्या खर्चाने आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते. म्हणून ओल सामाईक पाइप जातात त्या डक्टच्या बाजूने येतेय का, तेही बघून ठेवा.

दुरुस्ती झाली की लगेच रंग लावू नका. भिंत वाळायला आठवडे जातात. तोवर दारं उघडी ठेवा. साड्या धुऊन किंवा ड्रायक्लीन करून मगच परत ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नको, जुन्या मऊ सुती धोतरात किंवा मलमलीत. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका, ती काळी पडते. पैठणीची घडी अधूनमधून बदला. एकाच घडीवर वर्षं काढली की साडी तिथेच विरते.

प्रश्न : सहा महिने लेकीकडे अमेरिकेत होतो. परत आल्यावर घर उघडलं तर गटारासारखा वास आणि स्वयंपाकघरात झुरळं. पाइप फुटलाय का? – आजी-आजोबा, डोंबिवली

उत्तर : फुटलेलं काही नाही, फक्त वाळलंय. नहाणी ट्रॅपमध्ये आणि बेसिनखालच्या बाटलीत (बॉटल ट्रॅपमध्ये) थोडं पाणी कायम साठून राहतं. खालचा वास आणि किडे त्याच पाण्याने अडतात. घर बंद राहिलं की ते उडून जातं. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. ड्राय बाल्कनीतली आणि वॉशिंग मशीनजवळची जाळी हमखास विसरली जाते. कमोडही एकदा फ्लश करा. वास दोन दिवसांतही गेला नाही तर जोड तपासून घ्या.

पुढच्या वेळी निघताना ट्रॅप भरून वर दोन चमचे गोडेतेल सोडा. तवंगामुळे पाणी लवकर उडत नाही. जाळीवर स्टीलची ताटली पालथी ठेवा. मेन कॉक बंद करा आणि किल्ली ज्यांच्याकडे ठेवता त्यांना तो कुठे आहे ते दाखवून जा.

प्रश्न : वन बीएचके, माणसं चार. सिंकखालच्या मोठ्या कपाटात वर्षाचे तांदूळ आणि रद्दी ठेवली तर चालेल का? – एक गृहिणी, नाशिक

उत्तर : तांदूळ अजिबात नको. बाटलीचा वायसर कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि सिंकखालचं थेंब-थेंब गळणं पोतं खालून कुजेपर्यंत कळत नाही. तिथे बादली, पोछा, साबण एवढंच ठेवा. अँगल कॉक, म्हणजे सिंकच्या नळाचं पाणी बंद करायची छोटी तोटी, हाताला लागला पाहिजे. फर्निचरवाले मागची फळी एवढी बेमालूम बसवतात की कॉक तिच्याआड जातो. तुमचाही गेला असेल तर तेवढी खिडकी कापून तिला चुंबकाचं झाकण लावून घ्या.

तांदूळ डब्यांत भरून बॉक्स बेडच्या पायथ्याच्या खणात ठेवा, तळाची फळी कोरडी आहे ना ते बघून. गोधड्या माळ्यावर जाऊ देत. लोखंडी कपाटात साडी, परकर आणि ब्लाउज एकाच गाठोड्यात बांधा. जागा तर वाचतेच, शिवाय लग्नाच्या सकाळी ब्लाउज शोधत कप्पे उपसावे लागत नाहीत. रद्दीबद्दल म्हणाल तर ती ठेवताच कशाला? रद्दीवाल्याला बोलवा.

प्रश्न : बोअरच्या पाण्यामुळे किचनच्या नळाची धार बारीक झालीय. नळ बदलू का? – एक वाचक, लातूर

उत्तर : नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा आणि अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. रात्रभर ठेवू नका, मुलामा जातो. त्यानंतरही धार बारीकच राहिली तर अँगल कॉक बंद करून नळाची नळी सोडवा. क्षार तिच्या तोंडाशीही बसतात.