उभ्या गाडीत बाहेरून काय दिसतं?

गेल्या काही आठवड्यांत आलेली बरीच पत्रं एकाच दुःखाची आहेत. गाडी उभी केली, परत येऊन पाहिलं तर काच फुटलेली, नाहीतर गाडीच जागेवर नाही. मी २८ वर्षं गाड्यांच्या कुलपांचं आणि वायरिंगचं काम केलं. फुटलेली काच बदलायला आलेला माणूस काचेबद्दल कमी आणि गेलेल्या वस्तूबद्दल जास्त बोलतो, हे मी रोज ऐकलं आहे. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हीच पत्रं घेतली. लिहिणाऱ्यांची नावं काढली आहेत.

काका, मी शिक्षिका आहे. वर्दळीच्या रस्त्यावर अर्धा तास गाडी उभी होती. मागच्या सीटवर कापडी पिशवी होती, तिच्यात फक्त तपासलेल्या उत्तरपत्रिका. काच फोडून पिशवी नेली. आत पैसे नव्हते, लॅपटॉप नव्हता, तरी का फोडली? आणि एवढ्या गर्दीत कुणाला ऐकूही कसं आलं नाही?

ताई, त्याला पिशवी दिसली, आतल्या उत्तरपत्रिका दिसल्या नाहीत. बंद पिशवीत काहीही असू शकतं, आणि ते बघायला त्याला काही सेकंदच लागतात. तुमचं नुकसान किती आणि त्याच्या हाती काय लागलं, याचा तो हिशेब करत नाही.

बहुतेक गाड्यांच्या दरवाज्याची काच टफन्ड असते. तापवून झपकन थंड केल्यामुळे तिचा वरचा थर दाबात आणि आतला थर ताणात असतो. त्यामुळे ती ताकदवान होते खरी, पण एका बिंदूला नेमका आघात बसला की अख्खी काच साबुदाण्यासारखे दाणे होऊन खाली बसते. आवाज होतो तो भांडं पडल्याइतका, तोही क्षणभर. समोरच्या काचेत मात्र दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून ती तडकते पण जागेवर राहते. चोर समोरून येत नाही, बाजूने येतो, त्याचं कारण हेच. अलार्मचं म्हणाल तर बऱ्याच गाड्यांचा अलार्म दार किंवा बॉनेट उघडलं तरच वाजतो. फुटलेल्या काचेतून हात घालून पिशवी उचलली, दार उघडलंच नाही, तर तो गप्प राहतो. तुमच्या गाडीत काच फुटल्याचं ओळखणारा किंवा आतली हालचाल टिपणारा सेन्सर आहे का, ते पुस्तिकेत बघा.

म्हणजे खरा बचाव एकच, आत काहीही दिसू नये. काहीही म्हणजे रिकामी पिशवी, जॅकेट, नाण्यांची डबी, चार्जरची लोंबणारी वायरसुद्धा. वायर दिसली की फोन कप्प्यात आहे असं तो धरून चालतो. मोबाइलचा होल्डर काढून ठेवलात तरी त्याचा काचेवरचा गोल डाग पुसा. डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करून उघडाच ठेवणारे काही जण आहेत, मला ती पद्धत आवडते. लॅपटॉप नुसता मिटून ठेवू नका, पूर्ण बंद करा. मिटलेला लॅपटॉप काही वेळा ब्लूटूथचा संकेत देत राहतो आणि तो संकेत साध्या फोनवरही दिसतो.

डिकीबद्दल एक गोष्ट सांगतो, ती मला फार महागात पडली आहे. एका कामाच्या जागी पोचल्यावर मी हत्यारांची पेटी मागच्या सीटवरून उचलली, डिकीत ठेवली, कुलूप लावलं आणि निघून गेलो. वीस मिनिटांनी परत आलो तर डिकी उचकटलेली. पेटी ठेवताना मला कुणीतरी पाहिलं होतं. त्या पेटीत माझ्या उस्तादांनी मला पहिल्या वर्षी दिलेली पक्कड होती. नवी पक्कड कुठेही मिळते, ती मिळणार नव्हती. तेव्हापासून मी डिकीत ठेवायचं ते निघायच्या जागीच ठेवतो, पोचल्यावर डिकी उघडत नाही. तुमची गाडी मागचं दार वर उघडणारी असेल तर मागचा झाकणट्रे काढून टाकू नका, आणि मागची सीट पाडून डिकीत हात पोचतो का तेही एकदा बघून घ्या.

अजून दोन वस्तू कृपा करून गाडीत ठेवू नका, घराची किल्ली आणि घरचा पत्ता असलेला कागद. दोन्ही एकत्र गेले तर गाडीची चोरी घरापर्यंत पोचते. फाटकाचा रिमोट सनव्हायझरला अडकवून ठेवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे.

रात्री घरासमोर लावलेली गाडी सकाळी नव्हती. जागेवर काचेचा एक दाणा नाही. दोन्ही किल्ल्या घरातच आहेत. विमा कंपनीचा माणूस मला असं विचारतो की जणू मीच कुणाला किल्ली दिली. बटण दाबून सुरू होणारी गाडी आहे. हे कसं झालं?

तुम्ही काहीही चुकीचं सांगत नाही आहात, हे आधी लिहितो, कारण तुमच्या पत्रातला अपमान मला लागला.

खिशात किल्ली ठेवून दाराला हात लावला की उघडणाऱ्या गाड्यांत किल्ली आणि गाडी यांचं बोलणं चालतं. गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते, ती हाक मीटर-दोन मीटरच पोचते. ती ऐकली की किल्ली ४३३ किंवा ३१५ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. गाडीला वाटतं, उत्तर आलं म्हणजे मालक जवळ उभा आहे. चोर दोघे येतात. एक गाडीजवळ थांबतो, दुसरा यंत्र घेऊन तुमच्या घराच्या दाराशी, भिंतीशी. गाडीची हाक पहिला उचलतो, दुसरा ती घरातल्या किल्लीपर्यंत पोचवतो, उत्तर त्याच वाटेने परत जातं. कुलूप उघडतं, इंजिन सुरू होतं. सांकेतिक भाषा कितीही अवघड असली तरी इथे ती कुणी फोडतच नाही, नुसती पुढे नेतो. आणि एकदा सुरू झालेली गाडी किल्ली दूर गेली म्हणून बंद पडत नाही, कारण भर रस्त्यात इंजिन बंद पडणं जीवघेणं ठरेल. याला रिले पद्धतीची चोरी म्हणतात. तुमच्या गाडीचं नेमकं हेच झालं असं मी इथे बसून म्हणू शकत नाही, पण काच न फोडता आणि किल्ली न नेता गाडी जाऊ शकते, हे विमा कंपनीला लेखी कळवा. दोन्ही किल्ल्या जपून ठेवा, त्या मागितल्या जातात, आणि देताना पोच घ्या.

पुढच्या गाडीसाठी आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो. किल्ली दाराजवळच्या खुंटीवर टांगू नका. घराच्या आतल्या भागात, सिग्नल अडवणाऱ्या पाकिटात किंवा घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा. आता मुख्य भाग असा, की ते पाकीट तपासा. किल्ली आत घालून, पाकीट हातात धरून गाडीच्या दाराला अगदी चिकटून उभे राहा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पाकीट टाकून द्या. अशी पाकिटं घडीवर झिजतात, म्हणून दर काही महिन्यांनी पुन्हा तपासा. दुसरी किल्ली विसरू नका. पहिली पाकिटात आणि दुसरी दाराशेजारच्या ड्रॉवरमध्ये, असं मी किती घरांत पाहिलं सांगता येणार नाही.

त्याहून चांगला उपाय म्हणजे ही आपोआप उघडण्याची सोय बंद करणं. बऱ्याच गाड्यांत ती स्क्रीनवरच्या सेटिंगमधून किंवा किल्लीवरची बटणं विशिष्ट क्रमाने दाबून बंद होते. मग दार बटण दाबूनच उघडावं लागेल, एवढाच त्रास. काही नव्या किल्ल्या थोडा वेळ हलल्या नाहीत की झोपी जातात. आणखी नव्या किल्ल्यांत अल्ट्रा-वाइडबँड नावाचं रेडिओ तंत्र असतं, त्यात गाडी सिग्नलला लागलेला वेळ मोजते. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, म्हणून वाटेत कुणी सिग्नल पुढे नेला तर अंतर वाढल्याचं गाडीला कळतं. नवी गाडी घेताना विक्रेत्याला रंग विचारण्याआधी हे विचारा.

एक खूण सगळ्यांनी लक्षात ठेवा. २०२२ मध्ये लंडनमधले मोटार-सुरक्षा संशोधक इयान टेबर यांना त्यांच्या गाडीचा बंपर ओढलेला आणि हेडलाइटची वायर निघालेली आढळली. आधी तो उपद्रव वाटला. पुढे गाडीच गेली. शोध घेतल्यावर कळलं की हेडलाइटच्या वायरीतून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात, म्हणजे गाडीतले छोटे संगणक ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या वायरींत, शिरून 'किल्ली खरी आहे' असा खोटा संदेश घुसवण्याचं यंत्र चोरांकडे असतं. या पद्धतीला किल्लीचं पाकीट अडवू शकत नाही. चाकावरचं प्लास्टिक किंवा बंपरचा कोपरा विनाकारण निघालेला दिसला तर खोड्या केल्यात म्हणून सोडून देऊ नका. त्याच रात्री गाडी दुसरीकडे, बंद जागेत हलवा.

रिमोटचं बटण मी दाबलं होतं, हे मला पक्कं आठवतं. परत आलो तर गाडी उघडी आणि आतलं सामान गेलेलं. फोडल्याची खूण नाही. माझा विसराळूपणा म्हणायचा का?

नसेलही. रिमोटच्याच फ्रीक्वेन्सीवर कुणी जवळपास गोंगाट सुरू ठेवला तर तुमचं बटण गाडीपर्यंत पोचत नाही. आपण पाठमोरे चालता चालता बटण दाबतो आणि पुढे जातो. थांबा. दिवे मिचकावले का, आरसे मिटले का, खटका ऐकू आला का ते बघा आणि एकदा हँडल ओढा. किल्ली खिशात असताना ओढल्यावर दार परत उघडणारी गाडी असेल तर किल्ली सोबतच्या माणसाच्या हातात देऊन, त्याला दूर उभं करून ओढा. गाडीने उत्तर दिलं नाही तर दार किल्लीच्या धातूच्या पात्याने बंद करा, किंवा जागाच बदला.

मुलगी मागच्या सीटवर झोपलेली असते, तिला उठवायला जिवावर येतं. इंजिन आणि एसी चालू ठेवून मी दोन मिनिटांसाठी आत जाऊन येते. गाडी माझ्या नजरेसमोर असते. घरचे रागावतात. त्यांचं बरोबर आहे का?

हो, त्यांचं बरोबर आहे. ताई, तुम्ही तिची झोप मोडू नये म्हणून हे करता, ते मला समजतं. पण चालू गाडीचं कुलूप चोराला फोडावं लागत नाही, ती सुरूही करावी लागत नाही. दार उघडून बसलं की झालं, आणि मागे मूल आहे हे त्याला कदाचित रस्त्याला लागल्यावरच कळेल. घाबरलेला चोर वेगात गाडी चालवतो. गाडी नजरेसमोर असली तरी तुम्ही पावलांनी ती गाठू शकणार नाही. इंजिन बंद करून तिला आत ठेवणंही नको, बंद गाडी उन्हात काही मिनिटांत धोकादायक तापते. तिला उचलून घ्या. ती रडेल, पाच मिनिटांनी परत झोपेल. एकट्या माणसालाही हेच लागू आहे. पेट्रोल भरून पैसे द्यायला जाताना किल्ली गाडीत ठेवू नका.

वडिलांची जुनी गाडी आहे, किल्ली फिरवून सुरू होणारी, चिप नसलेली. तिला महागडी यंत्रणा बसवण्यात अर्थ आहे का? बाबांना ती फार प्रिय आहे.

नव्या गाड्यांच्या किल्लीत एक चिमुकली चिप असते आणि ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. तो इमोबिलायझर. युरोपीय संघात नव्या गाड्यांना तो १९९८ पासून सक्तीचा आहे. तो नसला की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. २०२२ च्या सुमारास इमोबिलायझर नसलेल्या ह्युंदाई आणि किया गाड्यांच्या चोऱ्या इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून पसरल्या. कंपन्यांनी नंतर सॉफ्टवेअर सुधारून दिलं, आणि मालकांना वाटण्यासाठी पोलिसांकडे काय पाठवलं? स्टिअरिंगला लावायचं लोखंडी लॉक. जुनी, जाडजूड, लांबून दिसणारी वस्तू.

बाबांच्या गाडीला मी तेच लावेन. चोराला कापायला वेळ लागतो आणि ते काचेतून दिसतं, म्हणून तो बहुतेकदा शेजारच्या गाडीकडे वळतो. सोबत एखाद्या ओळखीच्या वायरमनकडून इंधनपंपाच्या वायरीत लपवलेला स्विच बसवून घ्या. वायर योग्य जाडीची आणि फ्यूजसह असू दे, नाहीतर आगीचा धोका. स्विच डॅशबोर्डखाली नेहमीच्या जागी नको, हात सहज पोचतो तिथे चोराचाही पोचतो. गाडी लावताना चाकं फुटपाथकडे पूर्ण वळवून स्टिअरिंगचं कुलूप बसल्याचा खटका ऐका. ओढून नेणं त्याने कठीण होतं.

माग काढणारं छोटं ब्लूटूथ बटण ठेवायचं तर ठेवा, पण अनोळखी बटण सोबत असल्याची सूचना चोराच्या फोनवरही जाऊ शकते. सिमवर चालणारा जीपीएस ट्रॅकर अधिक भरवशाचा. गाडी कुठे आहे ते दिसलं तर पोलिसांना सांगा, बाबांना तिथे जाऊ देऊ नका.

आणि आजच गाडीचा चासी नंबर टिपून घ्या. जुन्या गाड्यांत तो बॉनेटखाली किंवा चासीवर कोरलेला असतो, नव्यांत १७ अक्षरी. बाबांना सोबत घेऊन शोधा, त्यांना जागा माहीत असेल. फोटो काढून तुमच्या आणि त्यांच्या, दोघांच्या फोनमध्ये ठेवा.