अमेरिकेत मिशिगनमधल्या पिक्चर्ड रॉक्स पार्कला 4 दिवस जायचंय. 30-31 फुटी आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेतली तर चालेल का?

नाही. 22 ते 24 फूट, त्याच्यावर जाऊ नका. कोणी कितीही आग्रह केला तरी.

तुम्ही लिहिलंय की दोन कुटुंबं आहात, सात माणसं, जुलैअखेर डेट्रॉइटकडून निघणार, आणि "एकाच मोठ्या गाडीत सगळे मावतील, मजा येईल". हे वाक्य शब्द न शब्द मी चार वर्षांपूर्वी आमच्या साडूंच्या तोंडून ऐकलंय. त्या सहलीचा निकाल आमच्याकडे अजून लागलेला नाही. दिवाळी असो की कोणाचा वाढदिवस, नवा माणूस दिसला की साडू त्यांच्या बाजूने गोष्ट सुरू करतात. आज मी माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. छोटी आरव्ही आणि मागोमाग आपली कार. साडू म्हणाले, दोन गाड्यांचं पेट्रोल कशाला जाळायचं? (31 फुटी धूड गॅलनला आठ-नऊ मैल देतं, हे त्यांना घरी परतल्यावर कळलं.) तीन फोन झाले, एक व्हिडिओ कॉल झाला. शेवटी हिने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं की ताईला वाईट वाटेल, घ्या मोठी. संपला विषय.

बुकिंग मात्र माझ्याकडे होतं आणि ते मी चोख केलं. पार्कच्या कँपग्राउंडचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, सकाळी 10 वाजता. 10 वाजून एक मिनिटाने गेलात तर पाण्यालगतच्या जागा गेलेल्या असतात. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून ट्वेल्व्हमाइल बीचच्या दोन रात्री मारल्या, आणि तिसरी रात्र मिळाली लिटल बीव्हर लेकला. तिथे जागाच मुळात आठ! त्या दिवशी मी घरी पेढे आणायचेच बाकी होते. लिटल बीव्हर हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आधी पूल. खालच्या मिशिगनमधून वर अप्पर पेनिन्सुलाला जायचं तर मॅकिनॉ पूल ओलांडावा लागतो. तिकडचे सगळे त्या भागाला "यूपी" म्हणतात. सासूबाईंनी भारतात फोन करून "आम्ही यूपीला चाललोय" सांगितलं तेव्हा पलीकडे काय समजूत झाली असेल ती असो. हा पूल 1957 साली खुला झाला, 5 मैल लांब आहे, आणि मधोमध रस्ता पाण्यापासून सुमारे 200 फूट वर आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा वारा सुटला होता. ताशी 35 मैलांच्या वर वारा गेला की उंच गाड्यांना एकटं सोडत नाहीत, पुलाची गाडी पुढे चालते आणि तिच्या मागून 20 च्या वेगाने जावं लागतं. आम्हाला बाजूला थांबवलं. साडू म्हणाले, "कार असती तर गेलो असतो सरळ." मी म्हटलं, "कारच म्हणत होतो मी." इथे पहिली शांतता पसरली.

स्टीअरिंगवर मी होतो. 31 फुटी आरव्हीची बाजू म्हणजे शीड. वाऱ्याचा एकेक धक्का बसला की गाडी हातभर सरकते आणि तुम्ही ती परत आणता, असं पाच मैल. बाहेरच्या लेनमधून चाला. आतल्या लेनला लोखंडी जाळी आहे, तिच्यावर टायर गुणगुणतात आणि मागची माणसं घाबरतात. छोट्या गाडीलाही वारा लागतो, पण इतका नाही.

ट्वेल्व्हमाइल बीच मात्र जसं ऐकलं होतं त्याहून सरस निघालं. भूर्जाच्या पांढऱ्या खोडांची झाडी, थोडं उतरलं की वाळू, आणि पुढे लेक सुपीरियर. सरोवर म्हणायचं ते कागदावर. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पावपटीहून जास्त, पलीकडचा काठ दिसत नाही. उन्हाळ्यात तिथे अंधार पडता पडता दहा वाजतात. त्या संध्याकाळी आम्ही दोघं साडू वाळूत बसून चहा प्यायलो आणि एकदाही भांडलो नाही. हे ते कधी सांगत नाहीत.

पण तिथे वीज नाही, नळजोडणी नाही, सांडपाण्याची सोय नाही. पार्कच्या एकाही कँपग्राउंडला नाही. जनरेटर ठरावीक वेळेतच लावता येतो. मेव्हणीने भरवशाने विजेचा कुकर आणला होता, तो तसाच परत गेला. गॅसवर चालेल तेवढंच न्या. आणि टाक्या! सात माणसं म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या (शौचालयाच्या) टाकीचा दिवा लाल. मी आधीच नियम केला होता की दिवसा कँपग्राउंडचं शौचालय वापरायचं आणि गाडीतलं फक्त रात्री. ते खड्ड्याचं आहे म्हणून अर्ध्या मंडळींनी नाकं मुरडली. मग काय, सगळं आवरून, खुर्च्या गुंडाळून, कपाटं बंद करून 15 मैलांवर ग्रँड मरे गावात टाकी रिकामी करायला. मोठ्या गाडीचा खरा त्रास हाच आहे. दूध आणायला जायचं तरी अख्खं घर उचलून न्यावं लागतं. शिवाय साडूंनी करड्या (बेसिन-अंघोळीच्या) पाण्याची झडप आधी उघडली, "ते जरा स्वच्छ असतं म्हणून". अहो, म्हणूनच ते शेवटी सोडायचं, पाइप धुवून निघतो. त्या पाइपचं पुढे काय झालं ते लिहीत नाही, तुम्ही जेवत असाल.

आता तिसरा दिवस. लिटल बीव्हरला जायला एच-58 या मुख्य रस्त्यावरून आत वळायचं, तीनेक मैल. एच-58 स्वतः छान आहे, 2010 पासून पूर्ण डांबरी, वळणं पुष्कळ पण डोळ्याला सुख. आतला रस्ता मात्र अरुंद, उतरता, दोन्ही अंगांना झाडं चिकटलेली. अर्ध्यावर समोरून कयाक लादलेला ट्रक आला. एकालाच जागा. मागे घ्यायचं ठरलं आणि साडू मला खुणा करायला खाली उतरले.

ज्यांनी लांब क्लास सी (आमची होती तसली, ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली आरव्ही) चालवली आहे त्यांना पुढचं कळलंच असेल. मागच्या चाकांच्या मागे दहा-अकरा फूट धड लोंबत असतं. तुम्ही तोंड डावीकडे फिरवलं की शेपूट उजवीकडे झाडावर जातं. साडू पुढून ओरडत होते, "डावीकडे! डावीकडे!" कोणाच्या डावीकडे? ते माझ्याकडे तोंड करून उभे होते. त्यांचं डावं म्हणजे माझं उजवं. सरळ करायला गाडी जरा पुढे घेऊन मी माझ्या डावीकडे फिरवलं. कर्रकन आवाज आला, मुलं किंचाळली, आणि मागचा उजवा कोपरा एका पाइनच्या खोडात रुतला. दिवा फुटला, पत्रा आत गेला.

ट्रकमधला म्हातारा उतरला. तो काही ओरडला नाही. साडूंना बाजूला केलं, स्वतः अशा जागी उभा राहिला की मला आरशात दिसेल, आणि एकच सांगितलं की मी आरशात दिसेनासा झालो की थांब. हाताच्या खुणांनी वीस मिनिटांत त्याने गाडी बाहेर काढून दिली. आरव्ही चालवण्याबद्दल मला माहीत असलेली एकमेव कामाची गोष्ट त्याने शिकवली. डावं-उजवं बोलायचंच नाही. "ड्रायव्हरकडे" आणि "पॅसेंजरकडे" म्हणा, नाहीतर नुसता हात दाखवा. निघायच्या आधी घराबाहेर सराव करा. नवरा-बायकोने तर करूनच निघा.

त्या रात्री लिटल बीव्हरला गेलोच नाही. ग्रँड मरेच्या गावच्या कँपग्राउंडवर नशिबाने जागा मिळाली, वीज-पाणी सगळं होतं, मेव्हणीचा कुकरसुद्धा लागला. साडू म्हणाले, सहलीतली ही सगळ्यात चांगली रात्र. मुद्दाम म्हणाले. अर्धा दिवस गेल्यामुळे चॅपल फॉल्सचा धबधबा राहिला तो राहिलाच. विमा असूनही आमच्या खिशातून जाणारे हजार डॉलर निम्मे निम्मे भरले. त्यांचं मत, बुकिंग तुमचं, स्टीअरिंग तुमचं, मग निम्मे आम्ही का? माझं मत, 31 फूट कोणाचे?

बरं, तुमच्या प्रश्नाकडे येतो. छोटी आरव्ही, सोबत कार, आणि जे आरव्हीत मावणार नाहीत त्यांना शेजारी तंबू (आरक्षण करताना एका जागेवर किती माणसं चालतात ते बघा). ट्वेल्व्हमाइलला एकटी गाडी 36 फुटांपर्यंत आणि ओढून आणलेल्या गाडीसकट 42 फुटांपर्यंत चालते. म्हणजे नियमाने तुमची 31 फुटी बसते. आमचीही बसली होती. नियमात बसणं आणि वळणावर बसणं वेगळं. ज्येष्ठ मंडळींना हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) हवंच असेल तर एक-दोन रात्री म्युनिसिंगच्या किंवा ग्रँड मरेच्या गावठाणातल्या कँपग्राउंडवर काढा, पार्कच्या आत हट्ट करू नका.

चॅपलचा रस्ता कच्चा आणि खडबडीत आहे, पार्किंग लहान आणि सकाळीच भरतं. तिथे कारच न्या. भाड्याच्या आरव्हीच्या करारात बहुतेक वेळा कच्च्या रस्त्याला मनाई असते, सही करण्याआधी ते कलम वाचा. मायनर्स कॅसल या किल्ल्यासारख्या खडकापर्यंत डांबरी रस्ता आहे. जुने फोटो पाहून जाल तर दोन बुरूज शोधाल. त्यातला एक 2006 साली कोसळला, आता एकच आहे.

बोटीची फेरी चुकवू नका, आणि घ्याल तर दुपारी उशिराची घ्या. कडे वायव्येला तोंड करून आहेत, सकाळी सावलीत असतात. उतरत्या उन्हात ते रंग पेटतात. लोखंडाचा तांबडा-नारिंगी, तांब्याचा हिरवा-निळा, मँगनीजचा तपकिरी-काळा, 200 फुटांपर्यंत उंच भिंतीवर वरून ओघळलेले. जमिनीवरून हे निम्मंही दिसत नाही. पोहणार असाल तर पाणी जुलैतही दात वाजवतं, मुलांना आधी पाय घालू द्या. दक्षिणेचा वारा सुटला की वाळूवर चावऱ्या माश्या येतात, दिसायला घरमाशीसारख्या. मोज्यातून घोट्याला चावतात आणि डासांच्या औषधाला जुमानत नाहीत. त्या दिवशी किनारा सोडा आणि धबधबे बघा.

फोनला रेंज नसल्यातच जमा. नकाशे आधी उतरवून घ्या. आरक्षणाच्या पानाचा फोटोही काढून ठेवा, सगळ्या पानाचा.

कारण एक गोष्ट मी वर लिहिली नाही. लिटल बीव्हरच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं की रस्ता उताराचा आणि वळणाचा आहे, मोठ्या आरव्ही आणू नका. 10 वाजता जागा पटकावण्याच्या घाईत मी ते वाचलं नव्हतं. हिला माहीत आहे. साडूंना अजून नाही. आणि खरं सांगायचं तर 24 फुटीसुद्धा मी त्या रस्त्याने नेली नसती.

फुटलेल्या दिव्याचा लाल तुकडा साडूंनी त्यांच्या शोकेसमध्ये ठेवलाय, गोष्ट रंगात आली की काढून दाखवतात. पुढच्या उन्हाळ्यात परत जायचं घाटतंय, चॅपल फॉल्स बघायला. ते 28 फुटीवर आले आहेत. मी कार सोडायला तयार नाही.