घूमजाव, कोलांटउडी की 'उजवीकडे सरकणं'?

प्रश्न असा आलाय की पक्षाची आर्थिक नि सामाजिक भूमिका बदलली की कोणी 'घूमजाव' लिहितं, कोणी 'उजवीकडे सरकला' (म्हणजे खुल्या बाजाराकडे किंवा परंपरावादाकडे झुकला) म्हणतं, तर हे सगळं एकच का. माझ्या मते अजिबात नाही, आणि हा फरक पाळायलाच हवा.

घूमजावला एक ठरावीक वेळ असते, काल एक बोललात आणि आज उलट केलंत. एन्रॉन या अमेरिकी वीज कंपनीचंच बघा. १९९५ साली सेना-भाजप युती तिचा दाभोळचा वीजप्रकल्प समुद्रात बुडवू म्हणत निवडून आली, सरकारने करार रद्दही केला, आणि पुढच्या काही महिन्यांत फेरवाटाघाटी करून तोच प्रकल्प परत मार्गी लावला. ह्याला घूमजावच म्हणायचं, दुसरा शब्द नको. कोलांटउडी म्हटलं की त्यात टोमणा येतो, ते लिहिणाऱ्याचं मत झालं, त्यामुळे बातमीत मी तरी वापरणार नाही.

पण त्याच भाजपने १९८० साली मुंबईच्या अधिवेशनात 'गांधीवादी समाजवाद' स्वीकारला होता आणि वाजपेयी सरकारच्या काळात निर्गुंतवणुकीचं वेगळं खातं निघून मॉडर्न फूड, बाल्को अशा सरकारी कंपन्या विकल्या गेल्या, मधे वीस वर्षं गेली, स्वदेशीवरून घरातच भांडणं झाली, हे एका रात्रीत झालेलं नाही. इथे 'सरकला' किंवा 'झुकला' हेच बरोबर. काँग्रेसचंही तसंच, १९५५ ला मद्रासजवळच्या आवडी गावातल्या अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव, १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण, मग ऐंशीच्या दशकात उद्योगांवरचे परवाने हळूहळू सैल होत गेले आणि १९९१ ला एकदम वेग आला.

आता मला सगळ्यात जास्त खटकतं ते नुसतं 'उजवीकडे'. कशात उजवीकडे? भाजपची कलम ३७० बद्दलची भूमिका जनसंघापासून (म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षापासून) तीच होती, ती सरकलीच नाही, सरकलं ते अर्थकारण. उलट काँग्रेसने २००५ ला रोजगार हमीचा कायदा केला (मूळ कल्पना आपल्या महाराष्ट्राची), म्हणजे खुली बाजारपेठ तशीच ठेवून कल्याणकारी खर्चात डावीकडे पाऊल. म्हणून 'आर्थिकदृष्ट्या उजवीकडे' किंवा 'सामाजिक प्रश्नांवर डावीकडे' असं पूर्ण लिहा, आणि जमलं तर कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत तेही द्या.