जवळपास तैलरंगाचा क्लास नाही. जुन्या निसर्गचित्राची नक्कल करून शिकता येईल का, की हात बिघडतो?

हात बिघडत नाही. नक्कल करून शिकणं ही जुनीच रीत आहे, आणि आपल्याकडे अजिंठ्यात ती चांगली रुजली होती. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या त्या कॅनव्हासवर, तैलरंगात. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पोरं घेऊन तिथेच ठाण मांडून होते. (दोघांच्याही बऱ्याच नकला लंडनला आगीत गेल्या, ते दुर्दैव वेगळं.)

मी लातूरचा. शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून याकोब व्हॅन रॉइसडाल या डच चित्रकाराचं हार्लेम गावाचं चित्र घेतलं. मूळ नेदरलँड्समधल्या हेगच्या माउरिट्सहाउस संग्रहालयात आहे, साधारण १६७०-७५ च्या सुमाराचं. दोन तृतीयांश नुसतं आभाळ, खाली सपाट शेतं आणि उन्हात पांढरं व्हायला अंथरलेलं लिननचं कापड. लिनन म्हणजे आपल्या जवसाचंच झाड. आपण त्याच्या बियांची चटणी करतो, तिकडे खोडाच्या धाग्याचं कापड विणायचे. रंगातलं तेलही त्याच बियांचं. म्हणून मी अतिशहाणपणा करून घाण्यावरचं तेल वापरलं. पंधरा दिवस चित्र चिकटच, वर मे महिन्यातला फुफाटा बसून भाकरीच्या पिठात लोळवल्यासारखं झालं. चित्रकलेसाठी मिळतं ते शुद्ध केलेलं जवस तेलच आणा.

आधी बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळा कॅनव्हास तपकिरी करा आणि त्याच रंगात सावल्या मांडा. खालचा थर असा रोडका, वरच्या थरात तेल जास्त. उलटं केलं की वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात.

खरी फजिती हिरव्यात झाली. शेतं म्हटल्यावर मी ट्यूबमधला हिरवा थेट लावला आणि चित्र किराणा दुकानाच्या कॅलेंडरसारखं दिसायला लागलं. मग डोळे बारीक करून मूळ चित्र पाहिलं. जमीन बहुतेक मातकट आणि काळपट, कारण वर ढग आहेत. ऊन पडलंय ते एखाद्या पट्ट्यात, त्या कापडावर. रंग ओला होता, चिंधीने सगळं पुसलं आणि पिवळा ऑकर, अंबर अन् थोडा निळा मिसळून पुन्हा बसलो. अख्ख्या नकलेतून मी शिकलो ते एवढंच म्हटलं तरी चालेल. ढगांचंही तसंच, पोटाकडे करडा, पांढरा फक्त कडेला.

तुम्ही पहिल्यांदाच करताय तर निम्म्या आकारात करा. मूळ जेमतेम ५५ बाय ६२ सेंमी आहे. फोनवर नको, मोठा प्रिंट काढा. घाईही नको, माझे दोन महिने गेले.

आणि त्या तेलकट चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल वाळताना तापतं, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. आपल्याकडच्या पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. मी त्या पाण्यात बुडवून अंगणातल्या दोरीवर एकेक पसरतो. शेजारच्या काकू अजून विचारतात, हे कसलं धुणं म्हणून.